संगीतकाराचे हत्यार : ध्वनिमुद्रणासाठी लॅपटॉप कसा निवडावा?

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावयाचे म्हणजे पगार, बोनस आणि संप यांवर बोलावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजचा विषय म्हणूनच काहींना चमत्कारिक वाटेल. संगीताची निर्मिती करणाऱ्या माणसाने कोणता लॅपटॉप घ्यावा, याच्याशी आमचा काय संबंध? आम्ही म्हणतो, संबंध अगदी जवळचा आहे. कष्टाने पोट भरणाऱ्या प्रत्येक माणसापुढे दोन प्रश्न नेहमी उभे असतात. पहिला, काम कोण देणार. आणि दुसरा, ज्याने काम करावयाचे ते हत्यार कोणाचे? गिरणीतला माग मालकाचा होता; कामगार डबा घेऊन जाई आणि डबा घेऊन परत येई. सुताराची करवत सुताराची होती. ती बोथट झाली तर धार लावण्याचा खर्चही त्याचाच. या दोघांच्या जीवनात जो फरक पडला, तो पुष्कळसा या हत्याराच्या मालकीमुळे पडला.

संगीताच्या धंद्यात ही मालकी गेल्या चाळीस वर्षांत पार बदलून गेली आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कलकत्त्यास आले, तेव्हा गाणाऱ्याजवळ होता तो फक्त गळा. यंत्र कंपनीचे, आणि तबकड्या छापून येत त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. पुढे मोठमोठे स्टुडिओ झाले, तरी वादक तेथे आपले वाद्य तेवढे घेऊन जाई. बाकी सारा सरंजाम मालकाचा. १९८३ साली ‘मिडी’ नावाचा करार यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांनी आपापसांत केला. त्यामुळे एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागला. १९८५ साली अटारी एसटी हा संगणक ‘मिडी’ची भोके अंगावर घेऊनच बाजारात आला. १९९६ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धत काढली, आणि जी वाद्ये व उपकरणे लाकडाची, लोखंडाची असत, ती संगणकाच्या आत प्लग-इन म्हणून राहू लागली. अशा रीतीने खोलीभर यंत्रे आटत आटत शेवटी खांद्यावरच्या पिशवीत आली.

हे चांगले झाले, यात शंका नाही. आज वाडीतला, चाळीतला मुलगा आपले गाणे घरी मुद्रित करू शकतो. परंतु त्याबरोबर एक गोष्ट मुकाट्याने घडली. पूर्वी जो खर्च मालक करीत असे, तो आता वादकाच्या अंगावर आला. काम देणारा म्हणतो, “चाल घरी बांधा, ट्रॅक घरी करा, आणि तयार माल पाठवा.” हत्यार कोणाचे? वादकाचे. वीज कोणाची? वादकाची. मग ते हत्यार निवडताना चूक झाली तर भुर्दंडही वादकाचाच. तेव्हा लॅपटॉपची निवड ही हौसेची बाब राहिलेली नाही, ती पोटाची बाब आहे. आणि पोटाच्या बाबतीत जाहिरात वाचून नव्हे, तर यंत्राचे काम समजून घेऊन निर्णय करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

तर प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. माईक त्या हेलकाव्यांचे विजेत रूपांतर करतो, आणि ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी त्या विजेची सेकंदाला ४८,००० वेळा मोजणी करून तेवढे आकडे संगणकाकडे पाठविते. (सीडीसाठी हा आकडा ४४,१०० असतो.) संगणक त्या आकड्यांवर आपले संस्कार करतो: आवाज चढवितो, घुमारा देतो, इतर वाद्ये मिसळतो, आणि पुन्हा सेकंदाला ४८,००० आकडे परत पाठवितो, त्यांचा हेडफोनमध्ये आवाज होतो.

आता हे आकडे एकेक करून पाठविणे संगणकाला परवडत नाही. तो त्यांचे गठ्ठे बांधतो. या गठ्ठ्याला ‘बफर’ म्हणतात. आपल्या घरात नळाला पाणी ठरावीक वेळी येते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. पिंप मोठे असले तर भरणाऱ्याला सवड मिळते. मात्र आता भरलेले पाणी वापरात यावयास वेळ लागतो. भांडे लहान असले तर पाणी ताजे, पण ते घडोघडी भरावे लागते. भरणारा एकदा जरी उशिरा आला तरी भांडे कोरडे पडते. संगणकाचे भांडे कोरडे पडले म्हणजे हेडफोनमध्ये ‘कट्’ असा आवाज होतो, आणि झालेले मुद्रण वाया जाते.

हिशेब अगदी सोपा आहे. १२८ आकड्यांचा बफर ठेवला तर एका गठ्ठ्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७, आणि १,०२४ ला २१.३. आवाजाला आत येताना एक थांबा आणि बाहेर जाताना एक थांबा, म्हणून हा वेळ दुप्पट धरावा आणि त्यात इंटरफेसमधल्या रूपांतराचा थोडा वेळ मिळवावा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्याशा वेळाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरांच्या आतबाहेर. साडेतीन मीटरांवर बसलेल्या ढोलकीवाल्याबरोबर गाता येते. पण ४५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकी पंधरा मीटरांवर नेऊन ठेवणे झाले. बोटाने कीबोर्डची पट्टी दाबावी आणि सूर पंधरा मीटरांवरून ऐकू यावा, अशा स्थितीत चांगल्या वादकाचाही ठेका डळमळतो.

येथेच या विषयाचे मर्म आहे. संगीताच्या संगणकाला दर अडीच-पाच मिलिसेकंदांनी एक गठ्ठा वेळेवर हजर करावा लागतो, आणि हे तासन्‌तास, एकदाही न चुकता. साधा हिशेब करणारा, चित्रे रंगविणारा संगणक क्षणभर अडखळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. संगीताचा अडखळला तर सर्वांना ऐकू येते. कारखान्यात एखादा गडी दोन तास वाऱ्यासारखा काम करतो आणि मध्येच पाच मिनिटे नाहीसा होतो. दुसरा बेताच्या चालीने पण पाळी संपेपर्यंत जागेवरून हलत नाही. साखळीच्या कामावर मुकादम दुसऱ्यालाच उभा करील. लॅपटॉपही तसाच निवडावा. सर्वांत वेगवान कोणता, हा प्रश्न दुकानदाराचा; सर्वांत भरवशाचा कोणता, हा प्रश्न वादकाचा.

या दृष्टीने पाहू लागले म्हणजे जाहिरातीतल्या पुष्कळ आकड्यांचे तेज कमी होते. प्रोसेसरच्या नावापुढे ‘इतके गिगाहर्ट्झ’ असा जो मोठा आकडा लिहितात, तो बहुधा थोड्या वेळापुरता गाठता येणारा वेग असतो. यंत्र तापले म्हणजे ते स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच उतरविते. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपात उष्णता बाहेर जावयास जागा कमी. म्हणून तोच प्रोसेसर जाड यंत्रात अधिक काम देतो आणि पातळ यंत्रात कमी. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात पत्र्याखालच्या खोलीत काम करावयाचे असेल तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रोसेसरमध्ये हल्ली आठ-दहा गाभे असतात. ते म्हणजे एकाच छताखाली काम करणारे आठ-दहा कारागीर होत. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देता येतात. पण एकाच ट्रॅकवर एकामागून एक सहा प्लग-इन लावले तर ते काम साधारणपणे एकाच कारागिराकडे जाते. कारण पहिल्याचे झाल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही. म्हणून गाभ्यांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकाच एकेका गाभ्याचा जोरही महत्त्वाचा.

खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांचा आमच्या तरुण मित्रांना मोठा मोह पडतो. त्यांतल्या किमतीचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो, आणि संगीताच्या बहुतेक कामात ते कार्ड स्वस्थ बसून राहते. अशा यंत्रांत थंडाव्याची सोय चांगली असते, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. पण तो थंडावा पंख्यांनी येतो. ज्या खोलीत पंखा घरघरतो त्याच खोलीत माईक उभा असेल, तर ती घरघर गाण्यात उतरते. शिवाय अडीच किलोचे यंत्र आणि वर विटेएवढा चार्जर घेऊन लोकलने फिरावे लागते. ज्याला उचलून न्यावयाचे आहे, त्याने वजन करूनच घ्यावे.

स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, हे कामाचे टेबल होय. टेबल लहान असले तर सामान सारखे कपाटात ठेवावे आणि काढावे लागते. आठ जीबीवर गळा, पेटी आणि तबला एवढे मुद्रण होऊ शकते. पण ज्यांत एकेका सुराचे नमुने साठविलेले असतात अशी व्हायोलिन, बासरी, ब्रास यांची प्लग-इन वाद्ये लावावयाची असतील तर आठ अपुरी पडते. नवे घेताना सोळा घ्यावी; सबंध वाद्यवृंद लॅपटॉपमध्येच उभा करणाऱ्याने बत्तीस पाहावी. आणि दुकानदाराला एक प्रश्न निक्षून विचारावा: “ही रॅम पुढे वाढविता येते, की पाटीवर झाळलेली आहे?” झाळलेली असेल तर आज घेतली तेवढीच जन्मभराची, असे समजून पुरेशी घ्यावी.

साठवणीसाठी फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. ती वेगवान तर असतेच, शिवाय तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे धक्क्यालाही ती टिकते. जागा किती लागते, याचा हिशेब घरीच करता येतो. २४ बिटांत, सेकंदाला ४८,००० मोजण्यांनी केलेला एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. चोवीस ट्रॅकांचे पाच मिनिटांचे गाणे म्हणजे साधारण एक जीबी. तेव्हा जागा खाते ते आपले गाणे नव्हे, तर ती नमुन्यांची प्लग-इन वाद्ये. पाचशे जीबीची आतली एसएसडी आणि जोडीला बाहेरची एक, एवढ्यावर पुष्कळांचे भागते.

यंत्राला भोके किती, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण आयत्या वेळी तोच अडवतो. इंटरफेस, कीबोर्ड, बाहेरची डिस्क आणि काही प्रोग्रामांची किल्ली म्हणून मिळणारी छोटी कांडी, अशी चार मंडळी एकाच वेळी दाराशी उभी राहतात. दोनच भोके असलेल्या लॅपटॉपला हब लावावा लागतो, आणि स्वस्त हब हा आवाज तुटण्याचे एक नेहमीचे कारण आहे. इंटरफेस शक्य तर सरळ यंत्रालाच जोडावा.

आता एक अदृश्य शत्रू. पुष्कळदा यंत्र ताकदवान असूनही आवाज तुटतो. त्याचे कारण असे की, वायफाय, बॅटरी, ग्राफिक्स यांना चालविणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते प्रोसेसरला मध्येच अडवून धरतात. खोलीत वीस माणसे कामाला असावीत आणि दारवान कुलूप उघडीना, तशी अवस्था. हा दोष पेटीवरच्या आकड्यांत दिसत नाही. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ नावाचा प्रोग्राम तो मोजतो. घरगुती वापरासाठी तो फुकट मिळतो. जुने यंत्र घेताना तो वीस-तीस मिनिटे चालवून पाहावा. वायफाय बंद केल्यावर आणि विजेच्या बचतीची सोय काढून टाकल्यावरही तांबडी रेघ हटत नसेल, तर ते यंत्र दुसऱ्या कामाला चांगले असेल, आपल्या कामाचे नाही.

यानंतर प्रश्न येतो विंडोज, अॅपल की लिनक्स? या वादात आम्ही पडत नाही. पण काही गोष्टी सांगतो. अॅपलच्या यंत्रांत आवाजाची व्यवस्था मुळातच चांगली बसविलेली आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही चकती आल्यापासून थोड्या विजेत, थोड्या उष्णतेत ती पुष्कळ काम देतात. मॅकबुक एअरला पंखाच नसल्यामुळे मुद्रणाच्या खोलीत ती अगदी निःशब्द राहते. मात्र दीर्घकाळ ताण पडला तर तापून वेग उतरवते. आणि तिची रॅम मागाहून वाढत नाही. ‘लॉजिक’ हा प्रोग्राम फक्त अॅपलच्याच यंत्रांवर चालतो. विंडोजचे यंत्र त्याच किमतीत अधिक रॅम, अधिक भोके आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला देते. मात्र त्यावर इंटरफेसच्या कंपनीचा ‘आसिओ’ ड्रायव्हर आठवणीने बसवावा लागतो, नाहीतर उशीर वाढतो. लिनक्सवर ‘आर्डर’सारखे चांगले प्रोग्राम आहेत, परंतु आपला इंटरफेस आणि आपली प्लग-इन तेथे चालतात की नाही, हे आधी पाहावे. सर्वांत व्यवहारी कसोटी अशी: ज्या लोकांबरोबर आपले रोजचे काम आहे, ते काय वापरतात? त्यांची फाइल आपल्याकडे उघडली पाहिजे आणि आपली त्यांच्याकडे.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. आमच्या मते पुष्कळांनी तेच घ्यावे. धंद्याच्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप दणकट असतात, आणि त्यांतील पुष्कळांची रॅम व डिस्क बदलता येते. मात्र दोन सापळे टाळावेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचे यंत्र स्वस्त मिळते ते यामुळेच. दुसरा सापळा इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकबुकांचा: २०२५ साली आलेली आवृत्ती ही त्यांच्यासाठी शेवटची, असे खुद्द कंपनीने जाहीर केलेले आहे. घेताना बॅटरी किती फेरे चालली आहे ते पाहावे, बिजागर हलवून पाहावी, प्रत्येक भोकात काहीतरी घालून पाहावे, आणि बिल मागावे.

आता कोणाला काय लागते? ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजविणारा जो रंगमंचावर लॅपटॉपमधून आवाज काढतो, त्याला भरवसा सर्वांत अधिक लागतो. त्याने सोळा जीबीचे साधे, दणकट यंत्र घ्यावे, कार्यक्रमाच्या यंत्रावर दुसरे काही भरू नये, आणि मांडवात वायफाय बंद ठेवावे. मांडवातल्या विजेला पुष्कळदा अर्थिंग नीट नसते. मग स्पीकरमध्ये ‘हुंऽऽ’ असा सूर लागतो. चार्जर काढून बॅटरीवर घेतले की तो पुष्कळदा थांबतो. म्हणून त्याची बॅटरी दोन तास तरी टिकणारी असावी, आणि बॅटरीवर यंत्र मंद पडत नाही ना, हे घरीच तपासून घ्यावे.

दुसरा, घरी गळा, हार्मोनियम, ढोलकी, पखवाज मुद्रित करणारा. याला महागड्या लॅपटॉपची गरज नाही, हे आम्ही ठासून सांगतो. बहुतेक इंटरफेसमध्ये अशी सोय असते की, गाणाऱ्याला आपला आवाज संगणकात न जाता तसाच हेडफोनमध्ये ऐकू येतो. मग बफर मोठा ठेवला तरी उशीर जाणवत नाही, आणि बेताचे यंत्रही निमूटपणे काम करते. याने पैसे माईकवर, बंद हेडफोनवर आणि भिंतींना लावावयाच्या गोधड्यांवर घालावेत. ऐंशी हजारांचा लॅपटॉप आणि हजाराचा माईक, ही जोडी म्हणजे रेशमी फेटा आणि अनवाणी पाय.

तिसरा, अरेंजर, जो सबंध वाद्यवृंद आतच उभा करतो. यालाच खरोखर जोरदार प्रोसेसर आणि बत्तीस जीबी रॅम लागते. त्यानेही ट्रॅक ‘फ्रीज’ करण्याची सोय शिकून घ्यावी. एखाद्या ट्रॅकवरचे सारे संस्कार एकदा करून त्याचा तयार आवाज साठविला की प्रोसेसर मोकळा होतो. तसेच वाजविताना बफर लहान आणि मिश्रण करताना मोठा, ही सवय लावावी. मिश्रणाच्या वेळी कोणी वाजवीत नसतो, तेव्हा उशिराची तमा नाही. या दोन सवयींनी यंत्राचे आयुष्य एक-दोन वर्षे तरी वाढते, आणि त्यांना पैसा पडत नाही.

यंत्र आपले झाले, पण आतला प्रोग्राम कोणाचा? हल्ली पुष्कळ प्रोग्राम महिन्याच्या भाड्याने मिळतात. भाडे थकले की काहींत आपलेच जुने गाणे आपल्याला पुन्हा हाती धरता येत नाही. घरभाडे थकल्यावर घरमालकाने कुलूप लावावे आणि आत आपले सामान राहावे, तसे हे आहे. म्हणून शक्य तर विकत मिळणारा प्रोग्राम घ्यावा. ‘रीपर’चा सवलतीचा परवाना ६० डॉलरांचा आहे आणि ६० दिवस तो वापरून पाहता येतो, ‘एफएल स्टुडिओ’ एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या त्याच किमतीत मिळतात, ‘आर्डर’चा तर मूळ आराखडाच सर्वांना खुला आहे. चोरून बसविलेल्या प्रोग्रामाबद्दल नीतीचा मुद्दा आहेच, कारण तोही कोणाच्या तरी श्रमाचा माल आहे. पण व्यवहाराचाही आहे. त्याबरोबर काय आत शिरते हे कळत नाही, आणि गिऱ्हाईक बसलेले असताना यंत्र बसते.

शेवटी पैशाविषयी. “बिनव्याजी हप्ता” असा फलक दिसला की मनुष्य हुरळतो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते. ते व्याज किमतीत किंवा शुल्कात कोठेतरी लपलेले असते. रोख घेणाऱ्याला काय सूट मिळते, ते विचारावे, म्हणजे लपलेले व्याज उघडे पडते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. सुटे भाग, हमी आणि दुरुस्तीची माहिती कोणती कंपनी किती देते, हे घेण्यापूर्वी पाहण्याची सवय आपण लावली पाहिजे. जे उघडून दुरुस्त करता येत नाही, ते आपल्या मालकीचे अर्धेच असते.

आणि घेतलेल्या हत्याराची किंमत आपल्या दरात धरली पाहिजे. समजा, लॅपटॉप, इंटरफेस, माईक मिळून ९०,००० रुपये झाले आणि ते पाच वर्षे चालले. महिन्याला १,५०० रुपयांची झीज झाली. महिन्याकाठी पाच गाणी होत असतील तर दर गाण्यामागे ३०० रुपये हे आपली मजुरी नव्हेत. ते यंत्राचे भाडे आहे. त्यात वीज आणि दुरुस्ती मिळवा. हे भाडे वजा केल्यावर जे उरते, तीच मजुरी. आमच्या तरुण वादकांपैकी बहुतेक जण हा हिशेब मांडीत नाहीत, म्हणून आपण कमावतो आहोत असे त्यांस वाटत राहते, आणि पाच वर्षांनी यंत्र मोडते तेव्हा नव्यासाठी गाठीला काहीच नसते. काम देणाऱ्याशी बोलताना हा आकडा वेगळा लिहून दाखवावा. एकट्याने दाखविला तर तो हसेल. दहा जणांनी दाखविला तर त्याला विचार करावा लागेल.

दहा जणांनी एकत्र येण्याचे दुसरेही फायदे आहेत. लॅपटॉप ज्याचा त्याचा असावा. पण चांगला माईक, जास्तीचा इंटरफेस, मुद्रणाची एक शांत खोली आणि नकला ठेवण्याच्या डिस्का या चार-पाच जणांत मिळून का होऊ नयेत? भजनी मंडळाचे टाळ-पखवाज मंडळाचेच असतात. कार्यक्रमाच्या रात्री एकाचे यंत्र बसले तर दुसऱ्याचे उपयोगी पडावे, म्हणून सर्वांनी शक्य तर एकच प्रोग्राम वापरावा. आणि प्रत्येक गाण्याच्या तीन नकला ठेवाव्यात: एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. यंत्र पुन्हा घेता येते. म्हाताऱ्या गायकाचा गेलेला आवाज पुन्हा मुद्रित होत नाही.

तेव्हा क्रम असा धरावा. आधी आपले काम कागदावर लिहावे: ट्रॅक किती, प्लग-इन वाद्ये किती, प्रवास किती. मग प्रोग्राम ठरवावा, मग इंटरफेस, आणि लॅपटॉप सर्वांत शेवटी. दुकानात जाताना हेडफोन बरोबर न्यावा आणि यंत्र अर्धा तास राबवून, तापवून, ऐकून पाहावे. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. पुढची पाच वर्षे त्या यंत्राशी गाठ आपली आहे.